पुढच्याच्या गठ्ठ्यात मागच्याची म्हैस

केडगाव, अहिल्यानगर
रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६

ती. दयाआत्या यांना शॅरनचा सलाम.

काय घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. रविवार, दि. २५ जानेवारीला तुम्ही राहात्याहून आमच्याकडे जेवायला आलात.

२. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुम्हाला माझ्या टेबलावर १०८ पत्ते, नियमांचा एक कागद, रस्ता काढलेला एक पट, चार लाकडी टेम्पो आणि एक रिकामी पेटी दिसली.

३. तुम्ही विचारले, हे पत्ते आहेत का. मी हो म्हणाले.

४. पत्ते आणि नियमांचा कागद तुम्ही शेवग्याच्या शेंगांच्या पिशवीत घातला. पिशवी पप्पांनी उघडी धरली होती.

५. पट, टेम्पो आणि पेटी इथेच राहिली. तुम्ही चारच्या गाडीने गेलात.

६. मी काही बोलले नाही. मला राग आलेला नव्हता.

७. हा खेळ शनिवार, दि. २१ फेब्रुवारीला पुण्यात एका प्रकाशकाला दाखवायचा आहे. त्याचे नियम मंगळवार, दि. १७ ला छापायला जातात.

८. खेळात एक दोष आहे. चौदा महिने झाले, तो काढता आलेला नाही. तो तसाच राहिला तर आम्ही पुण्याला जाणार नाही.

९. शुक्रवार, दि. ६ फेब्रुवारीला दुपारी साडेबारा वाजता मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

आता प्रकृतीची चौकशी. ती आधी करायची असते हे मला माहीत आहे (आठवीत असताना मी तुम्हाला पाठवलेले पत्र तुम्ही लाल शाईने तपासून दहापैकी साडेसहा गुण देऊन परत पाठवले होते, आणि त्यातला दीड गुण चौकशी विसरल्याबद्दल कापला होता). तुमचा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे डॉक्टरांनी विचारले होते आणि तुम्ही सांगितले नव्हते. रक्तदाबाची गोळी सकाळी घेता की आठवण झाल्यावर? आम्ही सगळे ठीक आहोत. पप्पांचे पाय तुम्ही गेल्यापासून पुन्हा सोफ्यावर आले आहेत. एकसष्टाव्या वर्षी माणसाने मोठ्या बहिणीसमोर पाय खाली सोडून सरळ बसावे, हे पाहायला मला आवडते, पण त्यांच्या कमरेला ते झेपत नाही.

फोनवर बोलता आले असते. पण फोनवर तुम्ही 'बरं' म्हणून ठेवता, आणि त्या 'बरं'चा अर्थ होकार आहे, नकार आहे की दूध उतू चालले आहे, हे मला आजवर ओळखता आलेले नाही. म्हणून कागद.

पंचवीस तारखेला मी तुम्हाला नीट उत्तर द्यायला हवे होते. संस्कृतीचे म्हणणे असे, की मी 'हो' म्हणायलाच नको होते. (संस्कृती म्हणजे माझ्या कारखान्यातली. मी सुटे भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यांची रेखाटने करते आणि ती तयार झालेला भाग मोजून त्यात चूक काढते. हा खेळ आम्ही दोघींनी मिळून केला आहे आणि त्यातही कामाची वाटणी तशीच आहे.) ती म्हणाली, शैक्षणिक साहित्य आहे असे सांगायचे. पण तुम्ही विचारलेत आणि ते पत्तेच होते. फक्त त्यांत राजा, राणी, गुलाम नाहीत. त्यांत म्हशी आहेत, रेल्वेचे फाटक आहे, आणि गाडीत चढून बसलेले सरपंच आहेत. खेळायला पैसे लागत नाहीत आणि जिंकल्यावर मिळत नाहीत. आजोबांनी घरात पत्ते नकोत म्हटले होते ते ज्या कारणासाठी, त्यातले एकही कारण या १०८ पत्त्यांना लागू होत नाही. हे मी त्या दिवशी तीन वाक्यांत सांगू शकले असते. पण आमच्या घरात तुम्हाला मध्येच थांबवायची पद्धत नाही, आणि ती पद्धत मोडायला मला चारच्या गाडीपर्यंतचा वेळ पुरला नसता.

खेळ काय आहे ते सांगते. तुम्हाला तो आता माझ्याइतकाच माहीत आहे असे मला वाटते, त्याचे कारण पुढे येईलच, तरीही सांगते, कारण त्यात माझे असे फार थोडे आहे आणि जे दुसऱ्यांचे आहे त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. दुधाच्या चार गाड्या पहाटे निघतात. दूध नासण्याआधी शीतकेंद्रावर पोहोचायचे. जी पहिली पोहोचेल ती जिंकली. शर्यतीचे खेळ पूर्वीपासून आहेत, पण त्यांत फासा टाकायचा आणि पडेल ते दान मुकाट्याने चालायचे. अलीकडे जगभर शर्यतीचे असे खेळ निघाले आहेत की ज्यांत फासा नाही. त्याऐवजी प्रत्येकाकडे स्वतःचा पत्त्यांचा गठ्ठा असतो, आणि तो गठ्ठा खेळता खेळता आपणच घडवायचा असतो. ही कल्पना ज्या कोणाला प्रथम सुचली त्याला मी भेटले तर उठून उभी राहीन. (मी कारखान्याच्या मालकांसाठीही उठत नाही.)

कारण असे. सुरुवातीला चौघांचे गठ्ठे अगदी सारखे, दहा दहा पत्त्यांचे. सहा पत्ते 'मोकळा रस्ता', दोन 'म्हशी आडव्या', एक 'फाटक बंद' आणि एक 'सरपंचांना लिफ्ट'. दर वेळी वरचे पाच उचलायचे. मोकळ्या रस्त्याने गाडी पुढे सरकते, म्हशींनी सरकत नाही. पण प्रत्येक चांगला पत्ता दोनपैकी एकाच कामाला वापरता येतो. एक तर त्याने अंतर कापायचे, नाहीतर त्याने ओळख करून घ्यायची. ओळख म्हणजे पंक्चरवाला, फाटकावरचा माणूस, शेतातून जाणारी मधली वाट माहीत असलेला एखादा. ओळख केली की तिचा नवा पत्ता मिळतो, पण तो लगेच हातात येत नाही. तो वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात जातो, आणि गठ्ठा संपून पुन्हा पिसला की मग कधीतरी वर येतो. आज केलेली ओळख उद्या कामाला येते. त्यामुळे जो पहिल्यापासून नुसता पळतो तो लवकर पुढे जातो, पण त्याच्याकडे शेवटपर्यंत त्याच दोन म्हशी आणि तेच सरपंच राहतात. आणि जो नुसत्या ओळखीच करत बसतो त्याचा गठ्ठा फार सुंदर होतो, पण तो गावातून निघतच नाही. (आपल्या नात्यातली दोन्ही प्रकारची माणसे तुमच्या डोळ्यांपुढे आली असतील. मी नावे लिहीत नाही.)

याहून हुशारीची गोष्ट गठ्ठ्याच्या जाडीत आहे. गठ्ठा दहाचा असेल तर त्यातला उत्तम पत्ता दर दोन खेळ्यांत एकदा हाताला लागतो. वीसचा असेल तर चार खेळ्यांत एकदा. म्हणजे चांगले पत्ते वाढवत गेले तरी गाडी मंदावते. खरी प्रगती वाईट पत्ता काढून टाकण्यात आहे. त्यासाठी आम्ही रस्त्यात चहाच्या टपऱ्या ठेवल्या. टपरीवर थांबायचे, एक खेळी पुढे जायचे नाही, आणि गठ्ठ्यातली एक म्हैस कायमची काढून पेटीत ठेवायची. जो थांबतो तो पुढे वेगाने जातो. हा नियम मी लिहिलेला नाही, असे नियम बऱ्याच खेळांत असतात, आम्ही फक्त चहा घातला. पण मी तो पहिल्यांदा दुसऱ्यांच्या एका खेळात वाचला तेव्हा पुस्तिका मिटून दहा मिनिटे गच्चीत जाऊन उभी राहिले होते. विश्रांतीला गणितात जागा करून देणे सोपे नाही. मी रोज यंत्रांसाठी तेच करायचा प्रयत्न करते आणि मला अजून नीट जमलेले नाही.

आता दोष. आम्ही एकसष्ट डाव नोंदले आहेत. त्यांपैकी बावन्न डावांत अर्ध्या रस्त्यावर जो पुढे होता तोच जिंकला. म्हणजे अर्धा डाव झाला की बाकीच्या तिघांनी उठून घरी जावे. ज्याने सुरुवातीला एक बरी ओळख केली आणि दोन म्हशी काढल्या, त्याला पुढे कोणी गाठूच शकत नाही. आम्ही मागच्याला जास्त पत्ते देऊन पाहिले. पुढच्याला टोल लावून पाहिला. पुढच्याची गाडी पंक्चर करून पाहिली (तेव्हा संस्कृतीचा मामेभाऊ पार्थ पुढे होता आणि तो पुन्हा खेळायला आला नाही). प्रत्येक उपाय वरून चिकटवल्यासारखा दिसायचा. खेळ लंगडा आहे आणि आम्ही त्याला काठी देत आहोत, असे. प्रकाशकाने पत्रात एकच प्रश्न विचारला होता, की मागे पडलेल्याला शेवटपर्यंत खेळावेसे का वाटेल. आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते. आणि चौदा महिन्यांच्या सगळ्या दुरुस्त्या मी पेन्सिलीने त्या पत्त्यांवरच केल्या होत्या, कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये केल्या नव्हत्या. हे माझ्या पेशाला शोभत नाही. तुम्ही पत्ते नेल्यावर मी आणि संस्कृतीने आठवणीने नवा संच केला. १०४ पत्ते आठवले.

शुक्रवारचा फोन. पलीकडून एक बाई म्हणाल्या, ते दुधाच्या गाडीचे पत्ते तुमीच केले का. मी हो म्हणाले आणि कोण बोलताय ते विचारले. त्या म्हणाल्या, ते जाऊ द्या, आणि मग आपले नाव, गाव, गल्ली आणि मुलीचे सासर सांगितले. तुमच्या शेजारच्या छबूबाई होत्या, पेरूच्या बागेवाल्या. माझा नंबर नियमांच्या कागदाच्या मागे होता ('सापडल्यास कळवावे'). त्यांनी नुसते विचारले, फाटक बंद असताना टपरीवर थांबता येते का.

"बन्सी म्हनतो येतं, तुमच्या आत्या म्हनत्यात न्हाई. दोन दिस झाले, त्याच्यावर लई भांडान चाललंय. आमी म्हनलं, ज्यानं केलं त्यालाच इचारावं."

मी सांगितले की थांबता येते. मागे त्या कोणाला तरी म्हणाल्या, "येतं म्हनं," आणि एक पुरुषाचा आवाज फार समाधानाने हसला. मग मी विचारले की कोण कोण खेळते, आणि कधीपासून. मी मुद्दाम काही काढून घेतले नाही. छबूबाईंना अडवणे हे तुम्हाला अडवण्याइतकेच अवघड आहे, एवढेच.

त्यांनी सांगितले ते असे. पंचवीस तारखेच्या संध्याकाळी तुम्ही लाल पेन घेऊन नियमांचा कागद वाचायला बसलात. पत्ते बंबात घालण्यापूर्वी त्यांत नेमके वाईट काय आहे हे लिहून काढायचे होते. नवव्या नियमापाशी तुमच्या लक्षात आले की तो आणि चौथा नियम एकमेकांना छेदतात. (छेदतात. संस्कृतीच्या नजरेतूनही ते सुटले होते आणि ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर भांडते.) मग खात्री करण्यासाठी दोन खेळाडू हवे होते, म्हणून सव्वीसला झेंडावंदनाहून आल्यावर तुम्ही छबूबाईंना हाक मारली. त्या दिवशी खात्री झाली नाही. दुसऱ्या दिवशीही झाली नाही. तिसऱ्या दिवशी बन्सीला बसवले, कारण तो खरोखरीची दुधाची गाडी चालवतो आणि संध्याकाळचे दूध गोळा करायला निघेपर्यंत मोकळा असतो. तेव्हापासून रोज चार वाजता खात्री चालू आहे. चौथी व्यक्ती कोण हेही छबूबाईंनी सांगितले. मी इथे लिहीत नाही. त्यांचे यजमान दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभे राहून बोलतात आणि हे पत्र कोणाच्याही हाती पडू शकते.

पट माझ्याकडे राहिल्यामुळे तुम्ही शाळेतला जिल्ह्याचा जुना नकाशा जमिनीवर अंथरला आणि राहाता ते नगर खडूने घरे आखली, हे ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. टेम्पोऐवजी एक शिलाईचे अंगुस्तान, एक सुपारी, एक बटण आणि तेलाच्या बाटलीचे झाकण. आणि गाडी ज्या गावावरून जाईल त्याचे नाव खेळाडूने सांगायचे, नाही सांगितले तर गाडी तिथेच उभी. हा नियम माझ्या कागदात नाही. छबूबाईंची तक्रार त्याबद्दल होती. बाभळेश्वर, कोल्हार, राहुरीपर्यंत त्या जातात, पण त्यापुढे देहरे आधी की विळद आधी यात त्यांचे दूध रोज नासते. बन्सीला सगळी गावे पाठ आहेत, पण त्याचे भांडण वेगळे. विळदच्या वळणावरून चौथ्या गिअरमध्ये गाडी जातच नाही, म्हणून 'चौथा गिअर' हा पत्ता तो तिथे खेळत नाही आणि दुसऱ्यालाही खेळू देत नाही. तुम्ही त्याला मान्यता दिलीत. मला तुमच्या न्यायाबद्दल आदर आहे, पण त्या पत्त्यावरच्या आकड्याला मी पाच आठवडे दिले होते.

आता मुख्य गोष्ट. टपरीवर काढलेली म्हैस पेटीत ठेवायची, असा माझा नियम. पेटी केडगावला. पहिल्याच दिवशी छबूबाईंनी म्हैस काढली आणि विचारले, ही कुठे ठेवू. दुसरे कोणीही असते तर म्हणाले असते, ठेवा बाजूला. तुम्ही तसे म्हणाला नाहीत, कारण कागदात 'पेटीत' लिहिले होते, आणि पेटी नसताना पेटीत ठेवल्यासारखे करणे तुम्हाला चालत नाही. छबूबाईंनी मला तुमचे वाक्य तुमच्या आवाजात सांगितले:

"ज्याचं बरं चाललंय, त्यानं घ्यावी."

म्हणजे मागच्याने काढलेली म्हैस सगळ्यांत पुढे असलेल्याच्या गठ्ठ्यात जाते.

आत्या, मी फोन ठेवला आणि जेवणाचा डबा न उघडता संस्कृतीच्या टेबलाशी गेले. तिला ते एकच वाक्य सांगितले. तिने हातातले मोजमापाचे साधन खाली ठेवले. म्हणाली, "आपण चौदा महिने काय करत होतो?"

ते किती चांगले आहे हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल, म्हणून लिहिते. मागचा माणूस टपरीवर थांबतो तेव्हा त्याचा गठ्ठा हलका होतो आणि त्याच क्षणी पुढच्याचा जड होतो. एका कृतीत दोन कामे. वेगळा पत्ता नको, दंड नको, काठी नको. खेळातून काहीच बाहेर जात नाही, म्हशी तेवढ्याच राहतात, फक्त हात बदलतात. आणि पुढच्याला हे ठाऊक असते. म्हणून तो लवकर पुढे जायलाच बिचकतो. चौघेही दुसरा नंबर धरून ठेवायचा प्रयत्न करतात आणि शेवटच्या वळणावर एकदम सुटतात. बन्सी म्हणे मागून बोलला की खऱ्या रस्त्यावरही तसेच असते, पुढच्याला हवा लागते आणि मागच्याला रस्ता दिसतो. आम्ही त्या संध्याकाळपासून आजपर्यंत नऊ डाव खेळलो. अर्ध्यावर पुढे असलेला चारच डाव जिंकला. प्रकाशकाच्या प्रश्नाचे उत्तर आता आमच्याकडे आहे, आणि ते तुम्ही एक पेटी विसरल्यामुळे मिळाले आहे. (विसरल्यामुळे नाही. तुम्ही विसरत नाही. पेटी रिकामी होती, तिच्यात आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते.)

तुम्ही चौतीस वर्षे मुख्याध्यापिका होता. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीशेजारी तुम्ही शेवटची मुलगी बसवायचात आणि पालक भांडायला यायचे, हे पप्पा सांगतात. तेव्हा मला ते पहिल्या मुलीवर अन्यायाचे वाटायचे. मी पहिली यायचे, म्हणूनही असेल. आता नऊ डाव पाहिल्यावर मत बदलले आहे. पहिल्या मुलीला म्हैस मिळाली नाही तर ती डोळे झाकून पळते.

पण पूर्ण नियम मला माहीत नाही आणि अडचण तिथे आहे. आमचे ते नऊ डाव चांगले झाले, पण फार लांबले. एक डाव दोन तास चाळीस मिनिटे चालला. जो पुढे जातो त्याच्याकडे म्हशी साठतात, तो थांबतो, दुसरा पुढे जातो, मग त्याच्याकडे म्हशी साठतात, आणि शीतकेंद्र समोर दिसत असताना चारही गाड्या म्हशींत उभ्या. दूध तीन वेळा नासले. मी छबूबाईंना परत फोन केला. त्या म्हणतात की राहात्यात डाव पन्नास मिनिटांत संपतो, कारण बन्सीला दुधाला जायचे असते. म्हणजे तुम्ही आणखी काहीतरी करता. मी विचारले. त्या म्हणाल्या, "ते आमाला न्हाई ठावं. आत्या वहीत बगत्यात, मान हलवत्यात, मग कवा म्हस जाती, कवा न्हाई."

वही आहे, हे कळल्यावर मला थोडे बरे वाटले. पण त्यात काय आहे हे कळेना. मी तीन अंदाज केले. एक, पुढच्याने एका फेरीत एकच म्हैस घ्यायची. दोन, शेवटच्या दहा घरांत कोणीच घ्यायची नाही. तीन, पुढे कोण हे फेरीच्या सुरुवातीला ठरवायचे, मध्ये बदलायचे नाही. तिन्ही वेगवेगळे खेळून पाहिले. पहिल्याने जुना दोष परत येतो. दुसऱ्याने सगळे शेवटून दहाव्या घरापाशी थबकून एकमेकांकडे बघत बसतात. तिसऱ्याने पार्थला (तो परत आला आहे, या नियमामुळेच आला) संगनमत करता येते, आणि त्याने ते केले. तुमचा नियम या तिन्हींपैकी नाही. मला तो अंदाजाने सापडत नाही, आणि पुण्याच्या टेबलावर प्रकाशकाने विचारल्यावर मी मान हलवू शकत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पत्ते, नियमांचा कागद आणि वहीतला तो नियम शब्दशः लिहून, सगळे स्पीड पोस्टाने पाठवावे. पत्रासोबत परतीचा पत्ता लिहिलेले पाकीट जोडले आहे.

झाल्या प्रकाराबद्दल मी कोणाला काही बोललेले नाही. संस्कृतीला सांगितले, कारण तिचा अर्धा वाटा आहे. पप्पांना सांगितलेले नाही. ते अजून समजतात की पत्ते पंचवीस तारखेलाच बंबात गेले, आणि रोज एकदा तरी मला विचारतात की मी जेवले का.

गुडघ्याला शेक घ्यावा. जमिनीवर नकाशाशी बसत असाल तर खाली जाड चटई घ्यावी.

तुमची
शॅरन

ता.क. पत्ते पाठवू नका. नवा संच झाला आहे, आणि राहिलेले चार पत्ते छबूबाईंनी फोनवर वाचून दाखवले. बन्सीच्या हरकतीमुळे चौथ्या गिअरचा आकडाही बदलला. तो बरोबर आहे, मी त्या वळणावर शनिवारी स्कूटर नेऊन पाहिली. जोडलेले पाकीट राहू द्या, कशालाही उपयोगी पडेल.

ता.क. २. सहाव्या कलमात मी लिहिले आहे की मला राग आलेला नव्हता. ते चूक आहे. मला बारा दिवस राग होता, आणि त्यातले पहिले चार दिवस मी पप्पांशीही नीट बोलले नाही, कारण पिशवी त्यांनी धरली होती. छबूबाईंचा फोन आल्यावर तो कुठे गेला ते मला कळले नाही. नोंद बरोबर असावी म्हणून लिहिते.

ता.क. ३. पेटीच्या झाकणावर खेळ करणाऱ्यांची नावे असतात. आम्ही तीन नावे लिहून पाहिली आणि वर्णानुक्रमाने लावली, त्यामुळे तुमचे पहिले आले. पत्त्यांच्या पेटीवर तुमचे नाव छापणे योग्य की नाही, हे मी ठरवू शकत नाही. तुम्ही नको म्हणालात तर ते काढू आणि कारण विचारणार नाही. नियम मात्र तुमचाच राहील, तो आम्ही आमचा म्हणून सांगणार नाही. त्यापेक्षा खेळ नेणार नाही.

ता.क. ४. नियम लिहून पाठवा असे वर म्हटले आहे, तेही खरे नाही. लिहिलेला नियम मला समजेल, पण तुम्ही वहीत पाहून मान कधी हलवता हे मला बघायचे आहे. मी रविवार, दि. १५ ला दुपारी चार वाजता राहात्याला येऊ का? खेळ चौघांचा आहे, मी खेळणार नाही, कडेला बसेन. अचानक आले असते, पण मग दार वाजल्यावर तुम्हाला सगळे उचलून ठेवावे लागले असते, आणि मला ते नको आहे. येऊ की नको ते शुक्रवार, दि. १३ फेब्रुवारीपर्यंत कळवावे.